सदतीस हजारांच्या फेलोशिपमधून बारा हजारांचा हप्ता

प्रश्न : माझे वय 27 असून खासगी कंपनीत हातात 58,000 रुपये पगार मिळतो. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत मला जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली आहे. नोकरी सोडून विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करावा का? आई माझ्यावर अवलंबून आहे. कर वाचावा म्हणून दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एजंटकडून 20 वर्षांची पॉलिसी घेतली. हप्ता महिना 12,000, विमा 25 लाखांचा आणि शेवटी 55 लाख मिळतील असे त्यांनी सांगितले आहे. तो हप्ता फेलोशिपमधून भरत राहीन.

उत्तर : संशोधनाची ओढ असेल तर अर्ज अवश्य करा. पहिली दोन वर्षे 37,000 आणि पुढची तीन वर्षे 42,000 या दराने पाच वर्षांत सुमारे 24 लाख रुपये मिळतील. वसतिगृहात राहणार नसाल तर घरभाडे भत्ता वेगळा. पगारवाढ धरली नाही तरी नोकरीत 35 लाख मिळाले असते. हे 11 लाखांचे अंतर पेलता येण्याजोगे आहे. पीएच.डी. होताच सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळेल असे मात्र हिशेबात धरू नका, कारण नेट आणि पीएच.डी. दोन्ही असलेले कितीतरी जण आज तासिका तत्त्वावर शिकवत आहेत.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. पाच वर्षांत या पॉलिसीत 7 लाख 20 हजार, म्हणजे फेलोशिपचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल. फेलोशिप अनेकदा काही महिने थकते. हप्ता थांबत नाही. शिवाय ज्या करासाठी ही पॉलिसी घेतली तो प्रश्नच उरत नाही, कारण संशोधनासाठीची फेलोशिप करमुक्त असते. वीस वर्षांत 28 लाख 80 हजार भरून 55 लाख मिळणे म्हणजे वर्षाला जेमतेम 6 टक्के, आणि त्यातलाही मोठा भाग बोनसचा असून त्याची हमी नाही. 27 वर्षांच्या, आईचा भार असलेल्या मुलीला एवढा हप्ता घेऊन फक्त 25 लाखांचे संरक्षण देणे ही चुकीची विक्री आहे, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

आतापर्यंत तुम्ही 2 लाख 88 हजार भरले आहेत. पॉलिसी आज परत केल्यास किती मिळतील आणि हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ केल्यास मुदतीअखेर किती मिळतील, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. परत करताना हमीची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 85 हजारांच्या घरात असू शकते. पेड-अप केल्यास, 20 पैकी दोनच वर्षांचे हप्ते भरलेले असल्याने, विमा रक्कम त्या प्रमाणात घटून अडीच लाखांवर येईल आणि ते पैसे 18 वर्षांनी हाती पडतील. 85 हजार 7 टक्क्यांनी वाढले तरी तेवढ्या काळात पावणेतीन लाखांच्या पुढे जातात, म्हणून मोठा फरक नसेल तर मी परत करण्याच्या बाजूचा आहे. गेलेल्या दोन लाखांचे दुःख होईल, पण ते भरून काढण्यासाठी आणखी 26 लाख भरणे हा उपाय नव्हे.

हे सगळे राजीनाम्याआधी करायचे आहे. शुद्ध मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, नोकरीत असतानाच घ्या, कारण विमा कंपन्या पगाराचा पुरावा मागतात आणि नंतर तो तुमच्याकडे नसेल. मोठे संरक्षण या हप्त्याच्या छोट्याशा भागात मिळेल, आणि हा नवा विमा मिळाल्यावरच जुनी पॉलिसी बंद करा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईसाठी आणि स्वतःसाठी आरोग्य विमाही आधीच घ्या. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवा. प्रवेश निश्चित होऊन पीएच.डी.ची नोंदणी हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.