एकाच दिवसात फिनिशियन आणि ख्रिश्चन कबरी?

प्रश्न: ताई, आईला घेऊन माल्टाला चाललोय. फिनिशियन लोकांच्या, म्हणजे त्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या, आणि सुरुवातीच्या ख्रिश्चनांच्या कबरी बघायच्यात, पण हातात दिवस एकच. जमेल का? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का?

उत्तर: अहो जमेल की, माल्टातल्याच रबात गावाला जा, सेंट पॉल्स कॅटाकोम्ब्जमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनस्थळांमध्ये, दोन्ही एकाच आवारात आहेत. रोमन काळात इथे मेलिते नावाचं शहर होतं आणि शहराच्या आत प्रेत पुरायचं नाही असा रोमन कायदा, म्हणून सगळी दफनं तटबंदीबाहेर. तिशीच्या वर भूमिगत दफनघरं आहेत, त्यातली वीसेक उघडी असतात. सगळीच बघायच्या फंदात पडू नका, चौथ्यापाचव्यानंतर डोकं काम करत नाही.

माझं ऐकाल तर आधी फिनिशियन-प्यूनिक (प्यूनिक म्हणजे फिनिशियनांचीच पुढची, कार्थेजकडची शाखा) पद्धतीची कबर शोधा, म्हणजे खडकात सरळ खाली खोदलेला खड्डा आणि तळाशी बाजूला एक छोटी खोली, बस्स. मग मोठ्या कॅटाकोम्बमध्ये उतरा, तिथे लक्षात येतं की ख्रिश्चनांनी नवीन काही शोधलं नाही, तीच खोली वाढवत वाढवत बोगदे केले, चुनखडी मऊ आहे ना त्यामुळे खोदणं सोपं. आणि नुसते ख्रिश्चनच नाहीत हं, काही कबरींवर ज्यूंची सात फाट्यांची समई कोरलेली आहे, शेजारीशेजारी पुरलेत सगळे.

दोन गोष्टी चुकवू नका. एक, कबरीतली दगडी उशी, डोकं टेकायला अर्धगोल खाच असते, कुठे कुठे दोन खाचा, म्हणजे दोघांची जागा. दुसरं, खडकातच कोरलेलं गोल टेबल, कडेला काठ आणि भोवती टेकून जेवायला उतरता ओटा, मेलेल्यांच्या आठवणीत नातेवाईक इथे जेवायचे. आपल्याला श्राद्धपक्ष माहीत असल्याने हे काही विचित्र वाटत नाही.

भित्तिचित्रं बघायची असतील तर सेंट अगाथाचं कॅटाकोम्ब जवळच आहे, पण तिथे गाइडबरोबरच सोडतात.

आईंचं म्हणाल तर प्रत्येक दफनघराला वेगळ्या पायऱ्या, त्याही उंचसखल, त्यामुळे त्यांना एखाददोनच दाखवा, बाकी वर पर्यटकांसाठीच्या सेंटरमध्ये माहिती मांडलेली आहे ती बघत बसतील. शिवाय राजधानी वॅलेटाच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये रबातलाच सापडलेली माणसाच्या आकाराची भाजक्या मातीची फिनिशियन शवपेटी आहे, तिच्यासाठी कुठे जमिनीखाली उतरायला लागत नाही.