देव सार्वभौम आहे तर त्यानं आपल्या लोकांना आधी पांगूच का दिलं?

तुम्ही विचारलंय की बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, 34व्या अध्यायात, देव म्हणतो मी माझी मेंढरं, म्हणजे माझे लोक, स्वतः शोधीन, गोळा करीन, पण सगळं त्याच्याच हातात होतं तर ती मुळात पांगलीच कशी, आणि गोळा होईपर्यंत देव होता कुठं?

पहिल्या भागासाठी यिर्मया 23 उघडा. दुसऱ्या वचनात देव मेंढपाळांना, म्हणजे यहूदाच्या राजांना आणि पुढाऱ्यांना सुनावतो की तुम्ही माझा कळप पांगवला. अन् लगेच तिसऱ्या वचनात म्हणतो, मी त्यांना ज्या ज्या देशांत हाकून दिलं तिथून गोळा करीन. लागोपाठ दोन वचनं, एकात पांगवणारे पुढारी, दुसऱ्यात देव स्वतः, आणि यिर्मयाला त्यात काही अडचण वाटत नाही. यहेज्केल 34 म्हणतं तसं पुढाऱ्यांनी कळपाची लोकर पांघरली, चरबी खाल्ली, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, तो गुन्हा त्यांचाच आणि त्याचा हिशेब देव घेणारच, पण म्हणून कळप देवाच्या हातातून सुटला असं कधीच झालं नाही. मला तरी यातच खरा धीर मिळतो, कारण फक्त माणसांनीच पांगवलं असतं तर परत आणायलाही माणसांचीच वाट बघत बसावं लागलं असतं.

आता मधल्या काळाचं. यहेज्केल स्वतः इ.स.पू. 597 मध्ये इतर यहूद्यांबरोबर बंदिवासात गेलेला, बाबेलमध्ये खबार नदीकाठी राहायचा, अजून यरुशलेमचं मंदिर पडायचं होतं (ते 586 मध्ये पडलं). मागं यरुशलेमात राहिलेले लोक या गेलेल्यांबद्दल म्हणायचे की ते परमेश्वरापासून लांब गेले, आता जमीन आपली. त्याला देवाचं उत्तर यहेज्केल 11:16 मध्ये आहे, मी त्यांना दूर घालवलं खरं, पण ते जिथं गेले तिथं थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. म्हणजे सांभाळणं हे गोळा करण्याच्या आधीच सुरू झालेलं!

हे वचन मी दरवर्षी बघतो. आमच्या मराठवाड्यात दिवाळीच्या आसपास उचल घेतलेली घरं ऊसतोडीला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात, त्यात आमच्या मंडळीतलीही (चर्चमधलीही) घरं असतात, त्यामुळं नाताळच्या उपासनेला बाकं रिकामी आणि म्हातारी माणसं तेवढी पुढं बसलेली. तिकडं रविवार बिविवार काही नसतो, रात्री गाडी आली की भरायला उठायचं. तरी एका कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, आमच्याकडची एक बाई चुलीजवळ मोबाईल डब्याला टेकवून ठेवते, तिकडून पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि हिच्या भोवती शेजारच्या कोप्यांतली लेकरंही येऊन बसतात, ज्यांच्या घरात कधी प्रभूचं नाव नव्हतं. ती लांब गेली असं कोण म्हणेल?

आणि परत आणणं तर अशा माणसाकडून झालं ज्याला देव माहीतच नव्हता. पारसाचा राजा कोरेश, त्यानं इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेतलं आणि पुढं यहूद्यांना परत जाऊन मंदिर बांधायची परवानगी दिली. 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत त्याचा मातीचा लेख सापडला, आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात तो म्हणतो मला बाबेलच्या मर्दुक देवानं निवडलं. यशया 45 मध्ये परमेश्वर त्याच कोरेशाला म्हणतो, तू मला ओळखत नव्हतास तरी मी तुला नाव घेऊन बोलावलं. राजा श्रेय दुसऱ्याला देतोय, तरी काम परमेश्वराचंच होतंय. एज्रा 2 मध्ये परतलेल्यांचा आकडा 42,360 आहे, दासदासी वेगळे. पण पुष्कळ जण परतलेच नाहीत, एस्तेर राणीचे लोक पारसाच्या शूशन शहरातच राहिले आणि देवानं त्यांनाही तिथंच राखलं.

पुढं योहान 10 मध्ये येशू म्हणतो, या मेंढवाड्यातली नाहीत अशी माझी दुसरीही मेंढरं आहेत, तीही मला आणली पाहिजेत. जालन्याजवळचं बेथेल गाव 19व्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी वसवलं ते मी याच वचनाखाली वाचतो.

तुम्ही स्वतः कामासाठी किंवा शिक्षणासाठी घरापासून लांब असाल आणि त्यातून हा प्रश्न आला असेल तर आधी यिर्मया 29 मधलं बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र सगळं वाचा, फक्त 11वं वचन नको, आणि जिथं आहात तिथली मंडळी याच रविवारी शोधा.