सोमवारी टेबलावर बस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली, अभिनंदन! आईने आणलेले पेढे दुपारीच संपले म्हणे. पण शेवटी तू विचारलंयस, 'सर, सीनियर म्हणतात मस्टरवर सही करायची आणि ग्राउंडवर निघायचं, टेबलावर कुणी बसत नाही. मी बसू का?' उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून पत्र.

तुझ्यासारखाच बास्केटबॉलमध्ये गार्डला खेळणारा एक अमेरिकन माणूस होता, डेव्ह बिंग. १९६६ साली डेट्रॉइट शहराच्या पिस्टन्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात तो 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. दुसऱ्या हंगामात एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण त्याचेच, सामन्याला सरासरी २७.१. आणि हंगाम संपला की हा पठ्ठ्या डेट्रॉइटच्या एका बँकेत कामाला जायचा. तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखे पैसे नव्हते हे खरं, पण सुट्टीत आराम करणारेही होतेच की.

त्याच्या डोळ्यांचं तुला सांगायलाच हवं. पाच वर्षांचा असताना, वॉशिंग्टनमध्ये, दोन काठ्या खिळ्याने जोडून केलेल्या घोड्यावर खेळताना तो पडला आणि खिळा डाव्या डोळ्यात गेला. त्या डोळ्याला कायमचं अंधुक दिसायला लागलं. मग १९७१ मध्ये हंगामाआधीच्या एका सामन्यात उजव्या डोळ्यात बोट गेलं आणि आतला पडदा (रेटिना) सुटला. तीनेक महिन्यांनी तो परत कोर्टवर आला. डॉक्टर नको म्हणत होते. (हे शौर्य तू गिरवू नकोस. तुझा घोटा दुखत असताना तू मला सांगितलं नव्हतंस, ते मी विसरलेलो नाही.) पुढे १९७६ च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळ कधीही हातातून जाऊ शकतो, हे त्याला ऐन भरात असतानाच कळलं असणार, असं मला वाटतं.

१९७८ मध्ये तो थांबला. नावावर १८,३२७ गुण. नावाच्या जोरावर कुठेही हस्तांदोलनाची, फोटोची नोकरी मिळाली असती. त्याऐवजी तो पॅरागॉन स्टील नावाच्या कंपनीत गेला आणि दोन वर्षं पोलादाचा धंदा शिकला. सगळ्या शहराला तोंडपाठ असलेला माणूस चौतिसाव्या वर्षी शिकाऊ! मला त्याच्या गुणांपेक्षा या दोन वर्षांचं कौतुक जास्त आहे.

१९८० मध्ये त्याने 'बिंग स्टील' काढली. भाड्याचं गोदाम, चार माणसं, अडीच लाख डॉलर कर्ज आणि स्वतःचे ८० हजार. सहा महिन्यांत स्वतःचे पैसे बुडाले. स्वतः माल बनवण्याचं गणित बसेना, तेव्हा तो पोलाद घेऊन गिऱ्हाइकाला हवं तसं पोचवणारा मधला दुवा झाला. म्हणजे शॉट सोडून पास द्यायला लागला म्हण ना! जनरल मोटर्स हे पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी नफ्यात आली. पुढे ती मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा उद्योगसमूह झाली.

सगळंच जमलं असं नाही. २००९ मध्ये, वयाच्या पासष्टीत, तो डेट्रॉइटचा महापौर झाला. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं शहर २०१० च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्याही खाली आलं होतं. घरं ओस, कर देणारे निघून गेलेले, रस्त्यावरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद. मार्च २०१३ मध्ये राज्याने शहराचा कारभार बघायला आणीबाणी व्यवस्थापक नेमला, महापौराच्या हातातली सूत्रं गेली. जुलैमध्ये शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यासह दिवाळखोरी जाहीर केली. बिंग पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. काहींनी त्याला दोष दिला. मला वाटतं, ही मॅच तो कोर्टवर उतरायच्या आधीच बरीचशी हरलेली होती, पण स्कोअरबोर्डवर नाव त्याचं राहिलं. नंतर तो शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना वडीलधारी माणसं जोडून देण्याच्या कामाला लागला.

आता माझं ऐक. मलाही अशीच नोकरी होती. बारा वर्षं मस्टरवर सही केली आणि सरळ मैदान गाठलं. गुडघा गेला, तेव्हा साहेबांनी एक फाईल पुढे ठेवून 'टिपणी लिहा' म्हटलं. मला टिपणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. चाळिशीला आलेला मी, आणि नुकतीच लागलेली कनिष्ठ लिपिक मुलगी मला आवक-जावक समजावून सांगत होती. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, म्हणून जास्तच लाज वाटली.

तेव्हा सोमवारी दहाला टेबलावर बस. कुणी काम देणार नाही, तर तूच माग. वाटलं तर कपाटातल्या जुन्या फाइली काढून वाच. सीनियर हसतील, आठवडाभर हसू देत. सराव साडेपाचला आहेच, तो चुकायचा नाही. आणि तुझा डाव्या हाताचा लेअप अजून कच्चा आहे, त्याचं शनिवारी बघू.

तुझा,
सर