कॅसल रॉकचा बेडूक आणि मुंबईचं नाव

प्रश्न : ताई, माझी मुलगी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सह्याद्रीतल्या बेडकांवर प्रकल्प करताना तिला राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस या झुडपी बेडकाची संग्रहालयातली नोंद सापडली. नाव मुंबईचं, ठिकाण मात्र कर्नाटकातलं कॅसल रॉक. नोंद चुकली आहे का? आणि शंभर वर्षांपूर्वीचा बेडूक बरणीत कशाला जपायचा? आता फोटो पुरत नाही का?
– एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नोंद बरोबर आहे. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये या बेडकाचं वर्णन छापलं, तेव्हा कॅसल रॉक मुंबई इलाख्यात होतं. १९५६ मध्ये तो भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. लेकीला एवढं मात्र बजावा, की १९१९ हे वर्णन छापल्याचं साल आहे. बेडूक पकडल्याची तारीख वेगळी, ती वेगळ्या रकान्यात लिहायची.

आता बरणीचं. मी अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या कपाटात चिठ्ठी हरवलेल्या बरण्या होत्या. कुठला बेडूक, कोणी, कधी आणला, काहीच कळत नसे, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. चिठ्ठी शिसपेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहून बरणीच्या आतच ठेवतात. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ती चिठ्ठी असली तर जुना बेडूक असे प्रश्न सोडवतो, जे पकडणाऱ्याला सुचलेलेही नसतात.

कोस्टारिकातल्या मॉन्टेव्हर्देच्या जंगलात १९८०च्या दशकाच्या अखेरीस बेडूक झपाट्याने नाहीसे झाले. तिथला सोनेरी भेक १९८९ नंतर कोणाला दिसलेला नाही. बेडकांच्या कातडीला जडणारी जीवघेणी कायट्रिड बुरशी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली ती १९९८च्या सुमारास. पुढे काही संशोधकांनी मेक्सिको, ग्वाटेमाला आणि कोस्टारिकातल्या जुन्या नमुन्यांच्या कातडीवरून कापसाचे बोळे फिरवून बुरशीचा डीएनए शोधला. २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की बुरशी पोचल्याचा काळ आणि बेडूक घटल्याचा काळ जुळतो. फोटोवरून बोळा फिरवता आला असता का? आणि नमुन्यांवर तारीख-ठिकाण नसतं, तर बुरशी सापडूनही ती कधी आली हे कळलं नसतं.

तरीही तुमच्या मुलीला बेडूक मारून आणायची गरज नाही, आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात परवानगीशिवाय तो पकडायचाही नाही. फोटो घ्यावा, आवाज ध्वनिमुद्रित करावा, पण नोंद संग्रहालयाच्या शिस्तीने ठेवावी: तारीख, वेळ, पाडा, ओढा, बेडूक जमिनीपासून किती उंचीवर बसला होता, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. नुसतं ‘ठाणे जिल्हा’ लिहू नये. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधीची ‘ठाणे जिल्हा’ अशी नोंद जव्हारचीही असू शकते, येऊरचीही.