वायपरच्या मोटरचा आवाज येतो, पण वायपर हलत नाहीत. मोटर बदलावी का?

नाही, एवढ्यात बदलू नका. आवाज येतोय म्हणजे मोटरला करंट पोचतोय, गडबड बहुतेक तिच्या पुढच्या लिंकेजमध्ये, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या रॉडमध्ये आहे. नाशिकला द्वारकेजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, पहिल्या पावसात इगतपुरीहून परतलेल्या अशा गाड्या हमखास येतात. एकच वायपर मेला असेल तर त्याच्या बुडाची प्लास्टिकची टोपी काढून नट बघा. बटण चालू केल्यावर नट फिरतोय पण दांडी जागीच, तर नट ढिला झालाय किंवा दांडीच्या आतले दाते झिजलेत. आवळून बघा, सहसा तेवढ्यानंच भागतं. दोन्ही मेले असतील तर काचेखालची जाळी उघडा. मोटरच्या क्रँकवरून, म्हणजे मोटर फिरवते त्या छोट्या पट्टीवरून, रॉडच्या टोकाचा सॉकेट (वाटीसारखा खाचा) निसटलेला दिसेल. आतली प्लास्टिकची बुशी झिजली असेल तर दाबून बसवला तरी परत सुटणार, बुशी बदलाच. क्रँकही हलत नाही आणि आत नुसती घरघर, तर गिअर गेला; मग मात्र मोटरचा खर्च आलाच. आवाजच येत नसेल तर हे सगळं सोडा, आधी फ्यूज बघा. आणि जाळी उघडी असताना दुसऱ्याला बटण दाबायला सांगाल, तेव्हा बोटं लांब.