वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातच जाणारा नॉक्स सेन्सर

प्रश्न : मिरकरवाड्याहून मुंबईला मासळी नेणारा आमचा २४ व्होल्टचा बीएस ६ ट्रक आहे. सायलेन्सरच्या पुढचा, म्हणजे शेवटचा नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) दोन पावसाळ्यांत दोनदा बदलला. आता परत दिवा लागलाय, गाडीची ओढही कमी झाली आहे. तिसरा घ्यायचा, की मेकॅनिक म्हणतो तशी सेन्सरला फसवणारी डबी बसवायची?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सध्या दोन्ही नको. सेन्सर कशाने मरतोय ते आधी बघा.

त्याचं टोक झिर्कोनिया सिरॅमिकचं असतं. आत दोन बारीक कप्पे. पहिल्यातून धुरातला ऑक्सिजन विजेच्या दाबाने बाहेर काढला जातो. दुसऱ्यात नायट्रिक ऑक्साइड फुटतो आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजन मोजला जातो. त्यासाठी सिरॅमिक सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापावं लागतं आणि अशा वेळी पाण्याचा एक थेंबही ते तडकवतो. म्हणून पाइपातलं पाणी उडेपर्यंत ईसीयू (इंजिनाचा संगणक) हीटर पूर्ण लावत नाही. पण सायलेन्सरचं काम करताना सेन्सरची चूडी (तो ज्यात आवळतात ती आट्यांची बैठक) खालच्या बाजूला वेल्ड झाली असेल, तर पाणी तिथेच साचणार. मग कितीही सेन्सर घाला. तो पाइपच्या वरच्या अर्ध्यात, टोक खाली उतरतं असा हवा. गाडी धुताना प्रेशरचा पाइप सायलेन्सरच्या तोंडात मारू नका.

मासळीच्या गाड्यांचा खरा शत्रू मात्र बर्फाचं खारं पाणी. बॉडीतून ते चॅसीवरच्या सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक डबीवर आणि कप्लरवर (वायरच्या जोडावर) ठिबकतं, पिना हिरव्या पडतात. बॅटरी काढून कॅनच्या (सेन्सर ज्यावरून ईसीयूला आकडे पाठवतो त्या) दोन तारांमधला रोध मोजा : ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा रोध तुटलाय. बॅटरी जोडून, चावी फिरवून कप्लरवर २४ व्होल्ट येतात का पाहा. सेन्सरची ही डबी आणि टोक कारखान्यात जोडीनेच जुळवलेले असतात. मधली वायर कापून जोडली की माप गेलं.

वायरिंग ठीक निघालं, तर स्कॅनरवरून युरियाचा फवारा (नॉक्स कमी करायला धुरात पडणारा) बंद करून गाडी लोडवर चालवा. युरियापासून बनून कॅटॅलिस्टमध्ये (नॉक्स कमी करणाऱ्या भागात) साठलेला अमोनिया संपला की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सेन्सरचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. दहाएक टक्के फरक चालतो. जुळला तर शेवटचा सेन्सर बरा आहे. हा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो, त्यामुळे युरिया जास्त पडत असेल किंवा कॅटॅलिस्ट थकला असेल तरी दोष सेन्सरवर येतो. युरियाचं द्रावण ३२.५ टक्क्यांचंच हवं. घरी कालवलेलं नको.

बदलायचाच ठरला तर २४ व्होल्टचाच घ्या, चूडी सुमारे ५० न्यूटन-मीटरने आवळा, जवळ सिलिकॉन स्प्रे वापरू नका. फसवणारी डबी बेकायदा आहे, शिवाय ती बसल्यावर युरिया कमी पडतोय की जास्त, हे कळायची वाटच बंद होते.

प्रश्न : बाजारातला ५ व्होल्टचा हवेचा सेन्सर ट्रॉलरच्या धुराड्यात बसवून नॉक्स मोजता येईल?
– एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : नाही. त्यातला टिन ऑक्साइड नायट्रोजन डायऑक्साइडने रोध वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं डिझेल यांनी कमी करतो. धुरात तिन्ही एकदम असतात, त्यामुळे आकडा कशाचा ते सांगता येत नाही. शिवाय धुराड्याच्या उष्णतेत त्याचं प्लॅस्टिक टिकणार नाही.