आठव्या नंबरवरून फायनल, हा नुसता तुक्का होता का?

प्रश्न : 2023 ला मायामी हीट आठव्या नंबरवरून एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) फायनलला पोचली, त्यावरून आमच्या डेक्कनच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. निम्मे म्हणतात मिल्वॉकीचा स्टार यानिस जखमी झाला म्हणून जमलं, नाहीतर मिल्वॉकीने पहिल्याच राउंडला घरी पाठवलं असतं. तुमचं मत काय? - एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या त्या निम्म्या मंडळींना एकच विचारा, मिल्वॉकी त्या सिरीजमध्ये (सातपैकी चार जिंकायच्या असतात) जिंकली ती एकमेव मॅच कुठली? दुसरी. आणि त्या मॅचमध्ये यानिस खेळलाच नव्हता! तो चौथ्या मॅचला परत आला आणि त्याच रात्री हीटच्या जिमी बटलरने एकट्याने 56 पॉइंट कुटले. हीटचा टायलर हिरो पण पहिल्याच मॅचमध्ये हात मोडून बसला होता, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

नशीब अजिबात नव्हतं असं नाही म्हणत मी. प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफला शिरण्यासाठीच्या मॅचमध्ये, अटलांटाकडून हरले, मग शिकागोविरुद्ध हरले असते तर विषयच संपला होता, तिथे कसेबसे तरले. पण ही टीम म्हणजे काही कच्चं लिंबू नव्हतं हो. आदल्याच सीझनला हेच लोक 53 मॅच जिंकून ईस्टमध्ये (लीगच्या पूर्वेकडच्या निम्म्या टीममध्ये) पहिले होते, 2020 ला फायनल खेळून आले होते. 2023 ला 44 जिंकल्या कारण सीझनभर थ्री पॉइंटर (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) पडतच नव्हते, बऱ्याच मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत रखडायच्या. प्लेऑफला तेच शॉट पडायला लागले आणि कोच स्पोल्स्ट्राचा झोन डिफेन्स (माणसामागे न धावता आपापली जागा राखायची) होताच, तो तर लीगमध्ये सगळ्यात जास्त हीटच वापरायची. त्यामुळे आठवा नंबर हा त्या सीझनचा होता, टीमच्या लायकीचा नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा ईस्टच्या फायनलला बॉस्टनसमोर झाली. 3-0 ने पुढे होते आणि मग सलग दोन हरले. सहाव्या मॅचला 3 सेकंद राहिले असताना बटलरने तिन्ही फ्री थ्रो टाकून एका पॉइंटची आघाडी घेतली, मायामीत नाचायला सुरुवात झाली आणि बॉस्टनच्या स्मार्टचा हुकलेला शॉट त्यांच्याच डेरिक व्हाइटने रिंगजवळून परत आत ढकलला, घड्याळात 0.1 सेकंद! एवढं झाल्यावर दुसरी टीम कोसळली असती. हे बॉस्टनला गेले आणि सातवी 103-84 ने मारली. त्यात केलेब मार्टिनचे 26, ज्याला ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) कुणी घेतलंच नव्हतं. व्हिन्सेंट, स्ट्रस, रॉबिन्सन पण तसेच, म्हणजे दोन राउंडमध्ये सगळ्या टीमनी नाकारलेले. हे पण नशीब का? असली पोरं शोधून तयार करायला वर्षं लागतात.

फायनलला डेन्व्हरने 4-1 ने धुतलं. त्यांच्या योकिचला थांबवायला यांच्याकडे उंचीच नव्हती, तिथे माझी काही तक्रार नाही.

प्रश्न : त्या रनमधली एकच मॅच बघायची तर कुठली? - एक वाचक, कोथरूड

उत्तर : मिल्वॉकीची पाचवी. शेवटच्या क्वार्टरपासून लावा, 16 ने मागे आहेत तिथून. व्हिन्सेंटने साइडलाइनवरून उंच फेकलेला बॉल बटलर हवेतच पकडून टाकतो आणि 0.5 सेकंद राहिलेले असताना बरोबरी होते, पुढे ओव्हरटाइममध्ये 128-126. ऑफिसच्या आधी लावू नका, उशीर होईल.